शिपका खिंडीवरचा बुरूज

बल्गेरियाच्या मधोमध पूर्व-पश्चिम अशी एक पर्वतरांग गेली आहे. तिथले लोक तिला स्तारा प्लानिना म्हणतात, बाकीचं जग बाल्कन पर्वत म्हणतं. तिच्या उत्तरेला डॅन्यूब नदीचं मैदान, दक्षिणेला गुलाबांच्या शेतीसाठी नाव मिळवलेलं काझानलिकचं खोरं, आणि या दोहोंना जोडणारी शिपका खिंड. खिंडीच्या माथ्यावर सुमारे 1326 मीटर उंचीचं शिखर आहे आणि शिखरावर एक दगडी बुरूज. साडेएकतीस मीटर उंच, वर जाताना निमुळता होत गेलेला, एखाद्या जुन्या किल्ल्यातून सुटून आल्यासारखा. दारावर ब्राँझचा सिंह आहे, आठ मीटर लांबीचा. खिंडीतून पायी वर जायचं तर जवळजवळ नऊशे पायऱ्या. हे बल्गेरियाचं स्वातंत्र्यस्मारक.

बल्गेरिया जवळजवळ पाचशे वर्षं ऑटोमन सुलतानाच्या अमलाखाली होता. 1876 च्या वसंतात तिथं उठाव झाला आणि तो फार क्रूरपणे चिरडला गेला. बातक या गावातल्या कत्तलीच्या बातम्या युरोपभर पोचल्या. पुढच्या वर्षी रशियाच्या झारनं सुलतानाविरुद्ध युद्ध पुकारलं. त्याच्या मनात बल्गेरियनांची कणव किती होती आणि कॉन्स्टँटिनोपल या सुलतानाच्या राजधानीची ओढ किती, हा हिशेब इतिहासकार अजून मांडताहेत. झारच्या फौजेबरोबर बल्गेरियन स्वयंसेवकही निघाले, सुरुवातीला सुमारे साडेसात हजार. शेतकरी, कारागीर, विद्यार्थी असे लोक. अनेकांनी त्याआधी बंदूक हातातही धरली नव्हती. त्यांना ‘ओपलचेन्त्सी’ म्हणत.

जुलै 1877 मध्ये शिपका खिंड रशियनांच्या हाती आली. ती परत घ्यायला ऑटोमन सेनापती सुलेमान पाशा दक्षिणेकडून मोठी फौज घेऊन आला. वाटेत स्तारा झागोरा हे शहर त्यानं जाळलं, हजारो माणसं मारली गेली. 21 ऑगस्टला त्याच्या तोफा शिपक्यावर धडाडू लागल्या. वर अवघे पाच-साडेपाच हजार रशियन शिपाई आणि स्वयंसेवक, खाली त्यांच्या कित्येक पट फौज. ऑगस्टचं ऊन, उघडे कडे, पाण्याचे हाल. 23 तारखेला दारूगोळा संपत आला. तेव्हा वरच्यांनी हाताला लागेल ते खाली फेकायला सुरुवात केली, दगड, लाकडाचे ओंडके, मोडक्या बंदुका. पडलेल्या साथीदारांची प्रेतंसुद्धा फेकली, असं बल्गेरियात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. ऐन वेळी रशियन जनरल रादेत्स्की कुमक घेऊन आला. तिच्यातले पहिले शिपाई लवकर पोचावेत म्हणून कोसाकांच्या घोड्यांवर बसून आले होते. खिंड राहिली.

पुढचा हिवाळा मात्र या लढाईपेक्षा वाईट होता, आणि त्याबद्दल कमी बोललं जातं. डोंगरमाथ्यावरच्या खंदकांत रशियन फौज महिनोन्‌महिने बसून राहिली. तुर्की गोळ्यांनी माणसं कमी गेली, हिमदंशानं आणि आजारानं त्याच्या कितीतरी पट जास्त. वरिष्ठांना अहवाल जायचा, ‘शिपक्यावर सारं शांत आहे’. वासिली वेरेश्चागिन हा रशियन चित्रकार या युद्धात स्वतः जखमी झाला होता, त्याचा एक भाऊ प्लेव्हनच्या लढाईत मारला गेला होता. त्यानं या अहवालाचेच शब्द घेऊन तीन चित्रांची मालिका काढली. पहाऱ्यावरचा शिपाई वादळात उभा आहे, मग बर्फात रुतला आहे, आणि तिसऱ्या चित्रात नुसता बर्फाचा ढीग दिसतो. सरकारी शांततेवर याहून जळजळीत टीका मला ठाऊक नाही. हा चित्रकार हिंदुस्थानातही हिंडला होता. जयपूरच्या मिरवणुकीचं त्याचं भलंथोरलं चित्र कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलमध्ये आहे.

जानेवारी 1878 मध्ये शिपक्याजवळच्या शेयनोवोला तुर्की फौज शरण आली आणि 3 मार्चला रशिया आणि सुलतान यांच्यात सान स्तेफानोचा तह झाला. तहानं एक मोठा बल्गेरिया नकाशावर आणला आणि लंडनमध्ये घबराट उडाली. रशिया आता भूमध्य समुद्रावर येणार! ब्रिटनचे पंतप्रधान डिझरायली यांनी धाक दाखवायला थेट आपल्या मुंबई बंदरातून सुमारे सात हजार हिंदी सैनिक जहाजांत घालून माल्टाला पाठवले. त्यात मुंबई इलाख्याच्या पलटणी होत्या. लढण्याची वेळ आली नाही. जुलैत बर्लिनला दुसरा तह झाला, मोठ्या बल्गेरियाचे तुकडे पडले, मॅसिडोनिया सुलतानाकडं परत गेला.

आता ज्या शिखरावर स्मारक आहे त्याच्या नावाकडे वळू. जुनं नाव संत निकोलस, नंतरचं स्तोलेतोव्ह. हा निकोलाय स्तोलेतोव्ह म्हणजे शिपक्यावर स्वयंसेवकांचं नेतृत्व करणारा रशियन जनरल. 1878 च्या उन्हाळ्यात झारनं त्याला वकील म्हणून काबूलला धाडलं. अफगाणिस्तानचा अमीर शेर अली यानं त्याला दरबारात घेतलं, पण ब्रिटिश शिष्टमंडळाला खैबर खिंडीतूनच माघारी लावलं. त्यातून दुसरं अफगाण युद्ध पेटलं. 1880 मध्ये मैवंदच्या मैदानात मुंबई लष्कराच्या पलटणी कापल्या गेल्या, तो याच युद्धातला प्रसंग. बल्गेरियात ज्याला मुक्तिदाता म्हणून मान मिळतो, तोच माणूस आपल्याकडच्या शिपायांच्या मरणाच्या साखळीत एक दुवा आहे. साम्राज्यं एकाला सोडवता सोडवता दुसऱ्याला कुठं अडकवतील, सांगता येत नाही.

बुरूज बांधला गेला तो काळही विलक्षण. पहिल्या महायुद्धात बल्गेरिया जर्मनीच्या बाजूनं उतरला. म्हणजे सुलतानाच्या खांद्याला खांदा लावून, रशियाच्या विरुद्ध. शिपक्यानंतर चाळीस वर्षंही झाली नव्हती. बल्गेरिया युद्ध हरला, 1919 च्या नॉयीच्या तहानं प्रदेश गेला, खंडणी बसली. या पडत्या काळात, 1922 मध्ये, शिखरावर पायाभरणी झाली. झारचा रशिया तोवर उरलाच नव्हता, त्यामुळे कुणाला खूष करायला हे बांधलं असं म्हणता येत नाही. पैसा वर्गणीचा, लोकांनी दिलेला. वास्तुकार अतानास दोन्कोव्ह, शिल्पकार अलेक्सांदर आंद्रेयेव्ह. काम 1930 मध्ये पुरं झालं आणि 26 ऑगस्ट 1934 ला राजा तिसरा बोरिस याच्या हस्ते उद्घाटन झालं. मला तारीख महत्त्वाची वाटते. अंतिम विजय जानेवारीतला आहे, पण दिवस निवडला तो ऑगस्टमधला, ज्या लढाईत बल्गेरियन माणूस स्वतः उभा होता.

आत तळमजल्यावर दगडी पेटीत इथं पडलेल्या काही सैनिकांच्या अस्थी आहेत. डोंगराच्या दक्षिण पायथ्याशी शिपका गावात सोनेरी घुमटांचं रशियन धाटणीचं चर्च आहे. 1902 मध्ये पुऱ्या झालेल्या या चर्चच्या घंटा रणांगणावरच्या रिकाम्या काडतुसांचा धातू ओतून केल्या आहेत.

बुरुजावर काय नाही, तेही सांगायला हवं. या युद्धात बल्गेरियातल्या मुसलमान कुटुंबांचे फार हाल झाले. लाखो माणसं घरदार सोडून दक्षिणेकडं पळाली, कित्येक वाटेत मेली. त्यांच्यासाठी शिखरावर ओळ नाही.

आज 3 मार्च हा बल्गेरियाचा राष्ट्रीय दिन आहे. त्या दिवशी शिपक्यावर बहुधा बर्फ असतं, तरी लोक मुलाबाळांसह पायऱ्या चढतात. पण युक्रेनवर रशियानं हल्ला केल्यापासून या दिवसाची चव बदलली आहे. 2022 च्या मार्चमध्ये, हल्ल्याला आठवडाच झाला होता, तेव्हा इथं आलेल्या बल्गेरियाच्या पंतप्रधानांवर जमावातून बर्फाचे गोळे फेकले गेले. कुणी म्हणतं, रशियानं आम्हाला सोडवलं. त्यावर उत्तर येतं, झारच्या त्या फौजेत युक्रेनी होते, बेलारूसी होते, फिनलंडचेही होते. काहींनी तर राष्ट्रीय दिन 24 मे ला, सिरिलिक लिपीच्या उत्सवाच्या दिवशी न्यावा असा प्रस्ताव मांडला. त्यावरही वाद झाला, आणि राष्ट्रीय दिन 3 मार्चलाच राहिला.