गलबताची चाळीस वल्ही



आपण रोज आगगाडीतून खाडी ओलांडतो. पण या खाड्यांच्या काठी एके काळी लढाऊ जहाजे बांधली गेली, हे फार थोड्यांच्या ध्यानी असते. १६५७ साली कल्याण-भिवंडी शिवाजीमहाराजांच्या हाती आली. १६५९ साली तर इथल्या जहाजबांधणीची पोर्तुगीजांना धास्ती पडली. महाराजांनी कामावर पोर्तुगीज कारागीर लावले होते. रुई लैतांव व्हियेगस हा त्यांचा मुख्य. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांना फितवले व ते काम टाकून गेले. तरी आरमार उभे राहिले, ते इथल्या हातांनी. त्या हातांची नावे आपल्याला कोणी शिकवली नाहीत.

त्या आरमारातल्या गलबताची प्रतिकृती आम्ही चारपाच कामगारांनी करायला घेतली आहे. कारखाना बंद पडलेला. अंगात पॅटर्नमेकरची कला आणि फाउंड्रीने टाकून दिलेले सागवानी पॅटर्न, एवढेच भांडवल. आरमारासाठी सागवान तोडावे, पण रयतेच्या आंब्या-फणसाला तिच्या राजीखुशीवाचून हात लावू नये, असे आज्ञापत्र सांगते. आमच्या सागवानासाठी कोणाला दुखवावे लागले नाही!

आता मापे. ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने १७६३ च्या ग्रंथात आंगऱ्यांच्या वेळचे गलबत वर्णिले आहे : भार सहसा सत्तर टनांच्या आत, दोन डोलकाठ्या, चाळीस ते पन्नास वल्ही, धाकट्या गलबतांना फोडलेल्या बांबूंची माची. वारा पडला की हीच गलबते मोठ्या गुराबांना ओढून नेत. लांबी आम्ही माणसावरून काढली. वल्हे मारताना पुढेमागे झुकायला एका माणसाला तीन फूट जागा धरली. एका बाजूस वीस वल्ही, म्हणजे साठ फूट. नाळेला आणि सुकाणूला मिळून दहा. फुटाला अर्धा इंच या प्रमाणाने पस्तीस इंचांचे गलबत झाले. साडेपाच फुटी माणूस त्यात पावणेतीन इंचांचा बसतो.

एका सद्गृहस्थांनी सुचवले, वल्हेकऱ्यांनी शोभा झाकते. ते गाळा, तोफा वाढवा. आम्ही म्हटले, ते गाळले तर आमचे सत्तर फूट आले कोठून?

एकतीस वल्हेकरी कोरून झाले आहेत, नऊ राहिले. प्रत्येकाची पाठ वेगळी हवी, असा आमच्या पॅटर्नमेकरचा हट्ट आहे. म्हणून वेळ लागतो.