डेमो स्पीकर अनलॉक करायचाय? आधी बिल दाखवा

मागच्या आठवड्यात एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. पुण्यातलाच मुलगा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. म्हणतो, "दादा, एक दुकान बंद होत होतं, तिथून ब्लूटूथ स्पीकर घेतला, एकदम स्वस्तात. पण तो फोनला जोडलाच जात नाही. बटण दाबलं की कंपनीची ठरलेली धून वाजवतो आणि गप्प होतो. तपकीर गल्लीत एक जण म्हणतोय सॉफ्टवेअर मारून देतो. मारून घेऊ का?"

आजचा भाग यावरच. थोडा टेक्निकल आहे, पण कंटाळा येणार नाही असं बघतो.

शोरूमच्या काउंटरवर जो पीस ठेवलेला असतो, ज्याची बटणं आपण सगळे येता-जाता दाबत असतो, तो डेमो पीस. आतलं हार्डवेअर बहुतेक वेळा विक्रीच्या पीससारखंच असतं. तोच बोर्ड, तेच ड्रायव्हर. फरक असतो सॉफ्टवेअरमध्ये. कंपनीला दोन गोष्टी नको असतात. एक, कुणीतरी येऊन शोरूममध्ये स्वतःच्या फोनवरचं भलतंच गाणं लावावं. आणि दुसरी, जास्त महत्त्वाची: दुकानाला कमी भावात किंवा फुकट दिलेला पीस नवीन म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारला जावा. म्हणून लॉक. ते त्रासदायक आहे, पण अगदी विनाकारण नाही, एवढं मान्य करू.

आता हे लॉक असतं कुठे? काही मॉडेलमध्ये तो फक्त एक मोड असतो. दोन बटणं एकत्र काही सेकंद दाबून धरली किंवा फॅक्टरी रीसेट केलं की गेला. त्यामुळे स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी मॉडेल नंबर टाकून मॅन्युअल शोधा. हसू नका. दहा मिनिटांचं काम असतं आणि लोक आधी केस फोडून बसतात.

बटणांनी नाही गेला, तर लॉक फर्मवेअरमध्ये आहे. फर्मवेअर म्हणजे स्पीकरच्या आतलं कायमचं सॉफ्टवेअर. बऱ्याच स्पीकरमध्ये ते ब्लूटूथच्या मुख्य चिपशेजारी एका छोट्या आठ पायांच्या चिपमध्ये असतं. नंबर साधारण २५ वरून सुरू होतो. २५क्यू१६ म्हणजे १६ मेगाबिट, म्हणजे २ एमबी. २५क्यू३२ म्हणजे ४ एमबी. तुमच्या फोनवरच्या एका फोटोएवढी जागा, आणि त्यात सगळा स्पीकर! काही जुन्या डिझाइनमध्ये फक्त सेटिंग्ज वेगळ्या, २४ नंबरच्या चिपमध्ये असतात. आणि हल्लीच्या बऱ्याच स्वस्त स्पीकरमध्ये बाहेर चिपच नसते, फ्लॅश मुख्य चिपच्या पोटातच असते. तिथे क्लिप लावायला जागाच नाही. असा बोर्ड दिसला तर "दोन मिनिटांत करतो" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

बाहेर चिप असेल तर लागतो प्रोग्रामर. सीएच३४१ए नावाचा यूएसबीचा छोटा काळा बोर्ड सगळ्यांच्या टेबलावर दिसतो, काही शे रुपयांत मिळतो. सोबत आठ पायांना चिमटा लावायची क्लिप. या काळ्या बोर्डाची एक खोड नीट लक्षात ठेवा. चिपला ३.३ व्होल्टचा सप्लाय देतानाही त्याच्या डेटाच्या लाइनवर ५ व्होल्ट येतात. बऱ्याच चिप ते सहन करतात, काही मरतात. आणि काही चिप तर १.८ व्होल्टच्याच असतात. नंबर जीडी२५एलक्यू किंवा एमएक्स२५यू असा असेल तर थांबा, आधी १.८ व्होल्टचा अडॅप्टर लावा. नंबर वाचायला मोबाइलचा कॅमेरा झूम करा, उजेड तिरका पाडा, दिसतो.

आणि सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा. हे मी मुद्दाम सावकाश सांगतोय. बॅटरी जोडलेली असताना क्लिप लावली तर दोन ठिकाणांहून करंट जातो. बॅटरी काढली तरी कधी कधी प्रोग्रामरचा करंट अख्ख्या बोर्डात पसरतो, मुख्य चिप जागी होते आणि वाचन चुकतं. मग हॉट एअरने चिप उचलूनच वाचावी लागते. ते हात बसलेल्या माणसाचं काम.

वाचन कसं तपासायचं? दोनदा वाचायचं. दोन्ही फाइल तंतोतंत सारख्या आल्या तरच ती खरी. सगळीकडे एफएफ-एफएफ दिसलं तर क्लिप नीट बसलेली नाही, किंवा चिप कोरी आहे, आणि चालणाऱ्या स्पीकरची चिप कोरी नसते. ही मूळ फाइल लॅपटॉपवर, ड्राइव्हवर, दोन ठिकाणी ठेवायची. ती असेल तर बिघडलेलं परत जागेवर आणता येतं. नसेल तर तुमच्या हातात वीट.

मग लोक करतात काय, त्याच मॉडेलच्या चांगल्या स्पीकरची फाइल, म्हणजे डंप, कुठून तरी मिळवतात आणि धाडकन मारतात. स्पीकर चालू होतो, टाळ्या! पण प्रत्येक ब्लूटूथ उपकरणाला स्वतःचा पत्ता असतो, ४८ बिटांचा, म्हणजे सहा बाइट. पहिले तीन कंपनीचे, पुढचे तीन त्या पीसचे. दुसऱ्याचा डंप जसाच्या तसा मारला की त्याचा पत्ताही तुमच्याकडे आला. एकच डंप दहा जणांना मारला की पुण्यात एकाच पत्त्याचे दहा स्पीकर. होस्टेलच्या शेजारशेजारच्या दोन खोल्यांत असे दोन आले तर विचारू नका. फोन पत्त्यावरूनच ओळखतो. तो भलत्याच स्पीकरला आपला समजून हाक मारणार, आणि जोडताना चावी जुळत नाही म्हणून परत फिरणार.

म्हणून नीट काम करणारा माणूस तुमच्या मूळ फाइलमधून तुमचा पत्ता शोधतो, बऱ्याचदा तो उलट्या क्रमाने लिहिलेला असतो, आणि नव्या फाइलमध्ये बसवतो. हार्डवेअर व्हर्जन जुळतंय का तेही बघतो, कारण एकाच नावाच्या मॉडेलमध्ये कंपन्या गुपचूप चिप बदलतात. काही कंपन्या फर्मवेअरवर डिजिटल सही ठेवतात. तिथे एक बाइट बदलला तरी स्पीकर चालू होत नाही. तिथे विषय संपला.

आता तपकीर गल्ली. बुधवार पेठेतली ही गल्ली पुण्यातल्या किती पोरांची पहिली इलेक्ट्रॉनिक्सची शाळा असेल, देव जाणे. रेझिस्टरपासून एलईडीच्या पट्टीपर्यंत सगळं. तिथे आणि आजूबाजूला हातात जादू असलेले कारागीर आहेत, आणि अंदाजपंचे मारणारेही आहेत. ओळखायचं कसं? दोनच प्रश्न विचारा. "काका, आधी बॅकअप घेणार ना? तो मला पेनड्राइव्हवर द्याल?" आणि "माझा ब्लूटूथचा पत्ता तसाच राहील ना?" पहिल्या प्रश्नाला जो वैतागतो, त्याच्याकडून स्पीकर परत घ्या.

पण खरा मुद्दा मला वेगळाच वाटतो. चिपमध्ये काय आहे हा प्रश्न नंतरचा. स्पीकर कुणाचा आहे, हा आधीचा.

बंद होणाऱ्या दुकानाने विकला म्हणजे तो दुकानाचा होता, असं नाही. काही डेमो पीस कंपनी दुकानाला वापरायला देते आणि परत मागते. खाली 'नॉट फॉर सेल'चा स्टिकर असतो, किंवा तो खरवडलेला असतो. जुन्या बाजारात, रविवारी-बुधवारी, असे पीस दिसले तर भाव करण्याआधी हेच विचारा. चोरीचा माल माहीत असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. साधं हाताने लिहिलेलं बिल घ्या: दुकानाचं नाव, तारीख, सिरीयल नंबर, आणि 'डेमो पीस' हा शब्द. तो शब्द तुमच्या फायद्याचा आहे.

मालक तुम्ही असाल, तर मी वकील नाही, पण कायदा वाचला तर फार घाबरायचं कारण दिसत नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५ए आलं. त्यात डिजिटल कुलूप तोडणं गुन्हा ठरतं ते हक्कभंग करण्याच्या हेतूने तोडलं तर. स्वतःच्या प्रतीचा बॅकअप घ्यायला कलम ५२ मध्ये सूट आहे. पण कंपनीचा डंप ग्रुपवर टाकून पैसे घेणं वेगळं, ते सरळ कॉपीराइटमध्ये जातं. आणि अनलॉक केलेला पीस 'सीलपॅक, नवीन' म्हणून ऑनलाइन विकणं म्हणजे फसवणूक. त्याला मी जुगाड म्हणणार नाही.

एक इशारा. ज्या टेबलावर स्पीकर होतो, त्याच टेबलावर "डेमो फोनही करतो, आयएमईआय बदलून" अशी ऑफर येते. त्याला हात लावायचा नाही. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. स्पीकरला आयएमईआय नसतो, म्हणून आपण इतकं निवांत बोलतोय.

सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केलं. चांगलं झालं. पण पोर्टल आहे म्हणून कंपनी तुम्हाला फर्मवेअरची फाइल देईल असं नाही. माझं मत विचाराल तर डेमो पीस निवृत्त करताना तो उघडायचा अधिकृत मार्ग कंपनीनेच ठेवावा. चांगला चालणारा स्पीकर सहा-सात बाइटसाठी कचऱ्यात जाणं मला पटत नाही.

राहिली बॅटरी. डेमो पीस महिनोन् महिने चार्जरलाच लावलेला असतो. लिथियम सेल कायम फुल्ल ठेवला की लवकर म्हातारा होतो. त्यामुळे उघडलाच आहे तर सेल बघा. फुगलेला असेल, पोचा पडलेला असेल तर चार्जिंगला लावूच नका. तो दाबायचा नाही, टोचायचा नाही, ओल्या-सुक्या कचऱ्यात तर अजिबात टाकायचा नाही. पुण्यात 'स्वच्छ' संस्थेचे लोक ई-कचरा नेतात, त्यांना द्या, टर्मिनलवर टेप लावून, आणि हा फुगलेला सेल आहे हे तोंडाने सांगून. तो हातात घेणारी ताई हातमोजे घालून असेलच असं नाही.

तुमच्याकडे असा एखादा पीस असेल तर बोर्डाचा फोटो पाठवा, चिपचा नंबर दिसेल असा. पुढच्या भागात इअरबड्सची केस उघडतोय. भेटू!