पहिली ओळख

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरातील एका भाषणाचा मजकूर)



काल संध्याकाळी परिचयाच्या बैठकीत संयोजकांनी प्रत्येकाला एक प्रश्न विचारला. ज्या पुढाऱ्यांची नावे आपण रोज घेतो, त्यांतले पहिले नाव तुम्हांला केव्हा आणि कसे कळले? उत्तरे ऐकताना मला मौज वाटली आणि थोडी काळजीही. माझ्या वयाच्या माणसांनी सभा, मोर्चा, संप असे काहीतरी सांगितले. विशीतल्या बहुतेकांनी चौकातला फलक किंवा हातातला फोन सांगितला. एकाने प्रामाणिकपणे सांगितले की, आमच्या आमदारांचे नाव मला त्यांच्या वाढदिवसाच्या फलकावरून कळले आणि अजून त्याहून अधिक काही कळलेले नाही. सगळे हसले. ह्या प्रश्नावर माझ्याकडे सांगण्यासारखे काही आहे, आणि त्यातला शेवटचा भाग सांगणे मला सोपे जाणार नाही, म्हणून मी आज वेळ मागून घेतला.

माझा जन्म १९४९चा, वाईचा. वडील शिंपी होते. बाजारपेठेत त्यांचे एका मशीनचे दुकान होते. त्या दुकानाच्या भिंतीवर कॅलेंडरातून कापून चिकटवलेले पंडित नेहरूंचे चित्र होते. मला राजकारणी म्हणून कळलेला पहिला माणूस तो. पण ती ओळख म्हणावी का, हा प्रश्नच आहे. देवाच्या तसबिरीशेजारी आणखी एक तसबीर, एवढाच त्याचा अर्थ होता. शाळेत १४ नोव्हेंबरला त्यांच्यासाठी गाणे म्हणायचे आणि घरी येऊन चित्राकडे पाहायचे. आजच्या मुलांना फलकांवरून नावे ठेवताना आपण हे विसरू नये. चित्र पाहून भक्त होणे हा काही ह्या पिढीने लावलेला शोध नव्हे.

१९५७च्या नोव्हेंबर अखेरीस वडिलांनी दुकानात काळे अस्तराचे कापड आणले आणि दोन रात्री जागून त्याचे हात-दीड हाताचे तुकडे शिवले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे ते दिवस. द्वैभाषिक राज्य लादले गेले होते, मुंबईत गोळीबारांत माणसे पडली होती आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत आमच्या बाजूच्या जिल्ह्यांनी समितीला भरभरून मते दिली होती. अशा वेळी प्रतापगडावर शिवाजीमहाराजांच्या पुतळ्याचे अनावरण करण्यासाठी ३० नोव्हेंबरला पंडितजी येणार होते आणि समितीने वाटेवर काळ्या निशाणांनी निदर्शने करण्याचे ठरवले होते. मी आठ वर्षांचा होतो. पहाटे वडिलांनी मला उठवले आणि आम्ही पसरणीच्या घाटाकडे चालू लागलो. वाटेत माणसांची रीघ लागली होती. पागोटी, टोप्या, भाकरीची गाठोडी आणि प्रत्येकाच्या हातात काळे फडके. त्यांतली कितीतरी माझ्या वडिलांनी शिवलेली होती, ह्याचा मला अभिमान वाटत होता.

पण एक गोष्ट मला कळेना. मी वडिलांना विचारले, "दादा, ते तर आपल्या भिंतीवरचे. मग त्यांना काळे का दाखवायचे?" वडील थोडा वेळ चालत राहिले. मग म्हणाले, "आपले आहेत म्हणूनच. परक्याला सांगायला कोण जातो?" आणि लगेच दटावून म्हणाले, "एसेम सांगून गेलेत, दगड उचलायचा नाही. तोंडातून वाईट शब्द काढायचा नाही."

एसेम हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मला ते एखाद्या गावाचे नाव वाटले. एस. एम. जोशी नावाचे गृहस्थ आहेत, ते समितीचे चिटणीस आहेत, हे पुढे कळले. त्या दिवशी मी त्यांना पाहिलेही नाही. मला दिसले ते एवढेच की, हजारो माणसे संतापलेली आहेत, घाटात दगडांना तोटा नाही आणि तरी कोणी एक खडाही उचलत नाही. गाड्या आल्या, क्षणभर एक पांढरी टोपी दिसली आणि वळणाआड गेली. माझे फडके हातातच राहिले. ते फडकवायचे की हात जोडायचे, हे मला त्या क्षणी ठरवता आले नाही. घरी आल्यावर वडिलांनी नेहरूंचे चित्र काढले नाही. १९६४च्या मेमध्ये पंडितजी गेले, त्या दिवशी दुकान बंद ठेवून ते त्या चित्राखाली बसून होते.

म्हणून मी म्हणतो की, एसेमची माझी पहिली ओळख चेहऱ्याची नव्हती, आवाजाचीही नव्हती. हजारो हातांनी न उचललेल्या दगडांची होती. पुढे ते आमच्यासमोर अनेकदा बोलले, १९६७ला पुण्यातून लोकसभेवर गेले, त्यांच्याशी चार शब्द बोलण्याचे भाग्यही मला लाभले. पण त्या सकाळच्या पलीकडचे त्यांच्याविषयी मला फारसे काही शिकावे लागले नाही.

डॉक्टर लोहियांची ओळख मात्र हिशेबातून झाली. १९६३ साली ते फर्रुखाबादहून पोटनिवडणूक जिंकून लोकसभेत गेले आणि तिथे त्यांनी सांगितले की, देशातली २७ कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात. पंडितजींनी उत्तर दिले की, आकडा तीन नाही, पंधरा आण्यांचा आहे. नवे पैसे येऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती, पण गरिबी अजून आण्यांतच मोजली जात होती. वर्तमानपत्र दुकानात कोणीतरी मोठ्याने वाचले आणि वडिलांनी खडूने, ज्या खडूने ते कापडावर खुणा करीत त्याच खडूने, टेबलावर आमच्या घराचा हिशेब मांडला. सूत, तेल, भाडे वजा जाता दिवसाला अडीच रुपये. खाणारी तोंडे सात. माणशी पावणेसहा आण्यांच्या आतबाहेर. मी चौदा वर्षांचा होतो. मला आनंदच झाला. मी म्हणालो, "म्हणजे आपण तिघांतले नाही!" वडील म्हणाले, "पंधरांतलेही नाही. आणि आपल्याला लोक दुकानदार म्हणतात."

पंधरा आणे हा सरासरीचा आकडा होता आणि लोहिया तळाच्या माणसांविषयी बोलत होते, हे मला कॉलेजात अर्थशास्त्र शिकताना समजले. पण सरासरी नावाच्या पडद्यामागे माणसे कशी लपवता येतात, हे कळायला त्या खडूच्या आकड्यांइतका चांगला धडा मला नंतर मिळाला नाही. लोहियांना मी कधी पाहिले नाही. १९६७च्या ऑक्टोबरात ते गेले, तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. मी त्यांच्या शिष्यांत मोडत नाही. त्यांच्या काँग्रेसविरोधाच्या धोरणाने पुढे कोणाकोणाला दारे उघडून दिली, ह्याविषयी माझी मते कडवट आहेत आणि इथल्या काही मित्रांना ती आवडत नाहीत. असो. तो आजचा विषय नाही.

१९७१ला मी नोकरीसाठी मुंबईत आलो आणि गोरेगावात एका चाळीत बिऱ्हाड केले. मृणालताई गोरे हे नाव मला माहीत असायला हवे होते, कारण मी स्वतःला समाजवादी म्हणवत होतो. ते मला सांगितले माझ्या पत्नीने, आणि तेही नाव न घेता. नळावर भांडण झाले, पाणी येईना, तेव्हा रांगेतल्या बायका म्हणाल्या, "बाईंना सांगू." कोण बाई, हे कोणी विचारले नाही. जिथे झोपडपट्टीतल्या माणसाला पाणी मागण्याचाही हक्क नाही असे नगरपालिका मानत होती, तिथे नळ मिळवून देणाऱ्या बाईला आडनाव लागत नाही. पुढे १९७२ नंतरच्या महागाईत तेल, साखर, रॉकेल मिळेनासे झाले आणि एके दिवशी मी कामावरून आलो तर घरात लाटणे नव्हते. ते मोर्चाला गेले होते. त्या मोर्चात मृणालताईंबरोबर कम्युनिस्टांच्या अहिल्याताई रांगणेकर होत्या. पुरुषांच्या बैठकांत ज्या दोन पक्षांचे कधी जमत नसे, ते लाटण्यांनी जमवून दाखवले, ही गोष्ट आम्ही इतिहासात नीट लिहून ठेवलेली नाही. १९७७ला "पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात" ही घोषणा झाली. तिच्यातला पहिला अर्धा भाग बायकांनी नळावरच तयार करून ठेवला होता.

माझ्या आईने आयुष्यात एकाच पुढाऱ्याचे नाव आपणहून विचारले. १९८०नंतर कधीतरी ती काशीयात्रेला गेली. परत आल्यावर म्हणाली, "गाडीत फळीवर आता मऊ गादी असते. पूर्वी पाठ सोलून निघायची. कोणी केले रे हे?" मी सांगितले, मधु दंडवते, जनता सरकारातले रेल्वेमंत्री. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळीवर दोन इंच फोम घालण्याचा निर्णय त्यांचा. आई म्हणाली, "मास्तर असणार." ते प्राध्यापक होते, हे मी तिला सांगितलेले नव्हते.

आता जॉर्जविषयी.

१९७४च्या ८ मेला रेल्वेचा संप सुरू झाला. सुमारे १७ लाख कामगार होते आणि संप जवळजवळ तीन आठवडे चालला. आमच्या शेजारी एक रेल्वे कामगार राहत असे. पोलीस रात्री येऊन माणसे उचलत, म्हणून तो आमच्याकडे आमच्या मुलांच्या अंथरुणात झोपत असे. त्याची बायको रोज सकाळी दारात उभी राहून विचारी, "जॉर्ज काय म्हणतो?" अरे-तुरेने. मी त्यांचे नाव १९६७लाच ऐकले होते, स. का. पाटलांना हरवणारा तरुण म्हणून. पण ओळख झाली ती त्या दारातल्या प्रश्नाने. त्यानंतर आणीबाणी आली, बडोदा डायनामाइट खटला आला आणि ते छायाचित्र आले. बेड्या घातलेला हात उंचावलेला. १९७७ला ते तुरुंगातूनच मुझफ्फरपूरहून निवडून आले, तेव्हा मी ते छायाचित्र चौकटीत बसवून घरात लावले. माझ्या वडिलांच्या दुकानातली भिंत मी विसरलो होतो, म्हणजे तिथले चित्र आठवत होते आणि काळे फडके विसरलो होतो.

कारण त्यानंतर मी काय केले ते ऐका. १९७९च्या जुलैत जॉर्जनी लोकसभेत सरकारचे जोरदार समर्थन केले आणि काही दिवसांतच ते सरकार सोडून गेले. मी म्हणालो, त्यांची अडचण झाली असेल. १९९८मध्ये ते भाजपच्या नेतृत्वाखालच्या सरकारात संरक्षणमंत्री झाले. मी म्हणालो, काँग्रेसविरोध आहे, डॉक्टरांचाच मार्ग. २००२मध्ये गुजरातच्या हिंसेवरील चर्चेत, स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांविषयी, असे प्रथमच घडते आहे काय, अशा आशयाचे ते बोलले. तेव्हाही मी गप्प राहिलो. प्रत्येक वेळी माझ्या डोळ्यांपुढे ती बेडी येई आणि पुढचा प्रश्न थांबे. बेडीतला हात खोटा नव्हता, हे मी आजही म्हणेन. कोकाकोलाला नियम पाळा नाहीतर जा म्हणणारा उद्योगमंत्रीही खोटा नव्हता. परंतु १९७६च्या बेडीने २००२च्या वाक्याचे देणे फेडले जात नाही, एवढा साधा हिशेब मला, खडूने हिशेब मांडणाऱ्याच्या मुलाला, करता आला नाही.

त्याच वर्षी एका बैठकीत एका कार्यकर्तीने उभे राहून विचारले की, ह्या भाषणाचा निषेध आपण करणार आहोत की नाही. तेविसेक वर्षांची मुलगी. मी चिडलो. मी तिला म्हणालो, "तुझा जन्म झाला नव्हता तेव्हा त्या माणसाने हातात बेड्या घेतल्या होत्या." बैठक संपली. निषेधाचा ठराव झाला नाही.

जिन्यात ती माझ्यासाठी थांबली होती. मला वाटले, भांडेल. ती म्हणाली, "काका, मी चौदा वर्षांची असताना तुम्ही आमच्या शिबिरात आला होता. ते छायाचित्र दाखवून तासभर बोलला होतात. जॉर्ज मला तुमच्याकडूनच कळले." मग थोडे थांबून म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही १९७९चे का नाही सांगितले?"

मी तिला उत्तर दिले नाही. ती आज इथे तिसऱ्या रांगेत बसली आहे, आणि काल परिचयाच्या वेळी तिने पहिले नाव कोणाचे सांगितले ते तुम्ही ऐकलेच आहे.