बाजरीचा गोसावी आणि पानातली खूण

बाजरीवरचा गोसावी, म्हणजेच केवडा रोग, आपल्या ओळखीचा आहे. पाने पिवळी पडतात, सकाळी पानाच्या खालच्या बाजूला पांढरी बुरशी दिसते आणि कणसाच्या जागी हिरव्या पानांचा झुपका येतो. अशा ताटाला दाणा कुठला? १९७१ साली या रोगाने देशातील संकरित बाजरीचे फार मोठे नुकसान केले.

हरयाणातील हिसार कृषी विद्यापीठाने १९९० साली 'एचएचबी ६७' हा संकरित वाण दिला. तो साधारण ६५ दिवसांत तयार होतो. पाऊस लवकर संपला तरी पदरात दाणे पडतात, म्हणून कोरडवाहू शेतकऱ्यांनी तो उचलून धरला. पुढे त्यावर गोसावी येऊ लागला. वाण टाकून द्यावा, तर इतका लवकर येणारा दुसरा कुठून आणावा? लवकर येण्याचा गुण तसाच ठेवून फक्त रोगप्रतिकारशक्ती घालायची होती.

नेहमीची रीत अशी. मूळ वाणाचा रोगप्रतिकारक वाणाशी संकर करायचा. संततीत मूळ वाण आठ आणे उतरतो. तिचा पुन्हा मूळ वाणाशी संकर केला की बारा आणे, मग चौदा आणे, मग पंधरा आणे. पण दर पिढीला साधारण निम्म्याच रोपांत तो प्रतिकाराचा गुण येतो. कोणत्या रोपांत आला हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. रोपांवर रोग पाडून पाहावे लागते, आणि त्यात वेळ जातो.

इथे जनुकीय खूण कामी येते. दूरच्या शिवारातली विहीर दिसत नाही, पण काठावरचे लिंबाचे झाड दिसते. झाड ओळखीचे असले की विहीर तिथेच आहे हे आपण जाणतो. तसेच प्रतिकाराच्या गुणाशेजारी असलेली खूण शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत ओळखतात. शेजारी असल्याने दोन्ही बहुधा बरोबरच पुढच्या पिढीत उतरतात. कोवळ्या रोपाच्या पानाचा तुकडा तपासला की पुरते. खूण असलेली रोपे ठेवायची, बाकीची काढून टाकायची.

हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने हिसारच्या विद्यापीठाबरोबर या रीतीने 'एचएचबी ६७'चा नर वाण सुधारला. मादी वाणही सुधारून घेतला. २००५ साली 'एचएचबी ६७ सुधारित' शेतकऱ्यांच्या हाती आला. कोणी म्हणेल, हे बीटी कापसासारखेच असेल. तसे नाही. यात बाजरीचा बाजरीशीच संकर आहे, खूण फक्त निवडीसाठी वापरली.

हा वाण राजस्थान, हरयाणा, गुजरात यांच्या कोरड्या पट्ट्यासाठी आहे. ऐकीव माहितीवर तो इकडे आणू नका. आपल्या भागासाठी शिफारस केलेलाच वाण घ्या.

आणि वाण प्रतिकारक आहे म्हणून निर्धास्त राहू नका. रोगाची बुरशीही बदलते. आज टिकणारा वाण काही वर्षांनी बळी पडू शकतो. म्हणून एवढे करा :

१. संकरित बाजरीचे घरचे बी पेरू नका. दरवर्षी निळ्या खुणचिठ्ठीचे प्रमाणित बियाणे घ्या. पावती, खुणचिठ्ठी आणि मूठभर बी जपून ठेवा.

२. बियाण्यास आधी प्रक्रिया झालेली नसेल, तर किलोला ६ ग्रॅम मेटॅलॅक्झिल ३५ टक्के चोळा. असे बी खाण्यात किंवा जनावरांच्या दाण्यात जाऊ देऊ नका.

३. रोगट ताटे दिसताच उपटून जाळा किंवा खोल पुरा. रोगाचे बीजाणू जमिनीत वर्षानुवर्षे राहतात.

४. एकाच शेतात तोच वाण सतत घेऊ नका. पिकाची फेरपालट करा.

५. प्रतिकारक म्हणून घेतलेल्या वाणावर गोसावी दिसला, तर सहाय्यक कृषी अधिकाऱ्यास लगेच कळवा. प्रयोगशाळा पानातली खूण पाहते, पण शिवारात रोग आला हे पहिल्यांदा तुम्हालाच दिसते. ती खबर वेळेवर पोचली, तरच पुढचा वाण वेळेवर तयार होईल.