बॅटरी डोक्यावर, हात मोकळे
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आपल्याकडे 'बॅटरी' म्हटले की हातात धरायची विजेरी डोळ्यांपुढे येते आणि तिच्या आत घालतो ते 'सेल'. शाळेच्या पुस्तकाला हे नामकरण मान्य नसेल, पण रत्नागिरीच्या कोणत्याही दुकानात तेच चालते. तर ही बॅटरी अलीकडच्या वर्षांत हातातून निघून कपाळावर जाऊन बसली आहे. आंब्याच्या बागेत राखणीला असलेला नेपाळी गुरखा, पावसात खांबावर चढलेला वायरमन, बंद पडलेल्या गाडीखाली शिरलेला मेकॅनिक, रात्रीच्या ट्रेकला निघालेली कॉलेजची मुले, सगळ्यांच्या डोक्याला तो इलॅस्टिकचा पट्टा दिसतो. इंग्रजी नाव हेडलॅम्प. या वस्तूची निवड कशी करावी, एवढाच आजचा विषय आहे.

विषय किरकोळ वाटेल. पण आपल्या जिल्ह्यात रात्रीच्या उजेडाचा संबंध जिवाशी आहे, आणि त्याचे एक कारण म्हणजे फुरसे. फूट-दीड फुटाचा हा साप, रंगाने थेट आपल्या जांभ्या कातळासारखा, आणि हिंडतो रात्री. इंग्रजी अमदानीत या जिल्ह्यात फुरसे मारून आणणाऱ्याला सरकारी बक्षीस मिळे आणि लाखांच्या संख्येने फुरशी मारली गेल्याच्या नोंदी आहेत. तरीही सड्यावर फुरसे आहेच. नमन-खेळे पाहून मध्यरात्री घरी परतणारा, पहाटे परसाकडे जाणारा, पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायला वहाळात उतरणारा, यांचे पाऊल कुठे पडते हे त्यांना दिसले पाहिजे. पूर्वी हातात झावळीची चूड असे, मग कंदील आला, मग पेट्रोमॅक्सची बत्ती. या सगळ्यांत एक हात अडकलेला. एका हाताने उजेड आणि दुसऱ्याने खेकडा, हा खेळ ज्याने खेळला आहे त्याला मोकळ्या हाताची किंमत सांगावी लागत नाही.

आता गंमत पाहा. डोक्यावरचा उजेड सर्वांत सोयीचा खरा, पण साप दिसण्याच्या कामी तो सर्वांत चांगला नाही. कारण साधे आहे. दिवा डोळ्यांच्या अगदी वर असला की प्रत्येक वस्तूची सावली त्या वस्तूच्या मागे लपते, आपल्याला ती दिसतच नाही. दगड, खळगा, पालापाचोळा, वेटोळे घालून बसलेले फुरसे, सगळे एकाच पातळीत सपाट दिसते. तोच दिवा कमरेच्या उंचीवर हातात धरला की सावल्या बाजूला पडतात आणि उंचसखलपणा उठून दिसतो. शिवाय गाय, मांजर, बिबट्या, एवढेच काय कोळीसुद्धा, यांचे डोळे डोक्यावरच्या उजेडात लांबून चमकतात. सापाचे चमकत नाहीत. त्यामुळे 'डोळे चमकले नाहीत, म्हणजे वाट मोकळी' असे समजू नये. मी स्वतः कातळावरून चालताना डोक्यावरची बॅटरी काढून हातात घेतो, आणि हाताला काम लागले की परत डोक्यावर चढवतो. पायात बूट हवेतच. उजेड कितीही चांगला असला तरी तो बुटाची जागा घेत नाही.

हाच अनुभव धुक्याचा. आंबा घाटात किंवा कुंभार्ली घाटात पावसाळ्यात ढग खाली उतरतात तेव्हा डोक्यावरचा दिवा जितका प्रखर तितके कमी दिसते, कारण डोळ्यांसमोरचे थेंबच उजळून निघतात आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. अशा वेळी उजेड कमी करावा आणि दिवा खाली, हातात धरावा.

बाजारात गेल्यावर पहिला आकडा दिसतो तो लुमेनचा. लुमेन म्हणजे दिव्यातून एकूण किती उजेड बाहेर पडतो त्याचे माप. घरात आपण लावतो तो ९ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ९०० लुमेन देतो. हे एक माप लक्षात ठेवले की फसवणूक टळते. रस्त्याकडेला मिळणाऱ्या काही बॅटऱ्यांच्या खोक्यावर दहा हजार लुमेन छापलेले असते. म्हणजे काडेपेटीएवढ्या डबीत घरातले अकरा बल्ब! हिशेब करून पाहू. चांगल्या एलईडीतून एका वॅटमागे सुमारे शंभर लुमेन मिळतात असे धरले, तर दहा हजार लुमेनना शंभर वॅट लागतील. तीन बारीक पेन्सिल सेलमध्ये मिळून ऊर्जा असते सुमारे साडेतीन वॅट-तास. म्हणजे तो उजेड फार तर दोन मिनिटे टिकेल, आणि तेवढ्या वेळात कपाळ भाजून निघेल. उलट तेच तीन सेल ३५ लुमेनचा उजेड कागदावर तरी दहा तास देतील. ३५ लुमेन थोडे वाटतात ना? पण गडद काळोखात, डोळे एकदा सरावले की, ३५ लुमेनमध्ये पायवाट व्यवस्थित दिसते. स्वयंपाकघरात वीज गेल्यावर किंवा तंबूत वाचायला दहा-वीस पुरतात. खडकाळ, अनोळखी उतारावर शंभर ते दोनशे असावेत. त्याहून जास्त उजेड लागतो तो लांबवर काही शोधायचे असेल तेव्हा, आणि तेही मिनिटभरच. दुप्पट अंतरावर तेवढेच स्पष्ट दिसायला चौपट उजेड लागतो, त्यामुळे लुमेन दुप्पट झाले म्हणून नजर दुप्पट लांब जात नाही.

असाच दुसरा फसवा आकडा चार्जिंगच्या सेलवर असतो. अंगठ्याएवढ्या जाडीचा जो लिथियम सेल या बॅटऱ्यांत येतो, त्याला १८६५० म्हणतात. त्याची खरी क्षमता साडेतीन हजार मिलिअँपिअर-तासांच्या आसपास संपते. त्यावर ९९०० छापलेले दिसले तर तो सेल घेऊ नये. खोटे लिहिणाऱ्याने आतली सुरक्षा तरी नीट ठेवली असेल, यावर माझा विश्वास नाही.

किती तास चालेल आणि किती लांब दिसेल, हे दोन आकडे नामांकित कंपन्यांच्या खोक्यावर असतात. ते बहुधा २००९ मध्ये अमेरिकेत ठरलेल्या 'एफएल-१' नावाच्या मानकाप्रमाणे मोजलेले असतात. त्यातली मेख समजून घ्यावी. 'चालण्याचा वेळ' म्हणजे सुरुवातीच्या उजेडाचा दहावा हिस्सा उरेपर्यंतचा वेळ. २०० लुमेनची बॅटरी २० लुमेनवर येईपर्यंत ती 'चालू' धरली जाते. आणि 'पल्ला' म्हणजे जिथे उजेड पाव लक्स उरतो ते अंतर. पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेचे चांदणे. शंभर मीटर पल्ला लिहिला असेल तर शंभर मीटरवर तुम्हाला चांदण्यातल्याइतके दिसेल. माणूस उभा आहे एवढे कळेल, कोण आहे हे कळेलच असे नाही.

आता सेलचे घ्यावे की चार्जिंगचे? या प्रश्नावर माझे मत ठाम आहे, आणि ते कोकणातल्या वादळांनी बनवले आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आले. मंडणगड आणि दापोली तालुक्यांत खांबच्या खांब आडवे झाले आणि अनेक गावांत वीज यायला आठवडे लागले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेले, आणि २२ जुलै २०२१ च्या पहाटे वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले. असल्या दिवसांत चार्जिंगची देखणी बॅटरी दुसऱ्या-तिसऱ्या रात्री खेळणे होऊन बसते. दुकानात पेन्सिल सेल मात्र मिळतात, निदान घरात साठवून ठेवता येतात. म्हणून घरात एक तरी बॅटरी साध्या सेलवर चालणारी असावी. चार्जिंगचा सेल आणि साधे सेल दोन्ही चालतील अशा बॅटऱ्याही मिळतात, थोड्या महाग असतात, पण आपल्या भागात तो खर्च वाजवी आहे. रोज वापरणाऱ्या वायरमनला किंवा गुरख्याला चार्जिंगचीच परवडेल. वर्षातून चार वेळा वापरणाऱ्याला नाही, कारण चार्जिंगची बॅटरी कपाटात पडून हळूहळू उतरत जाते आणि नेमकी हवी तेव्हा रिकामी निघते.

पाण्याविषयी. खोक्यावर 'आयपीएक्स' आणि पुढे एक आकडा असतो. ४ असेल तर चारी बाजूंनी उडालेले पाणी चालते. ७ असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी आत पाणी जाऊ नये. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण नुसत्या पावसात चालायला ४ पुरेसा आहे. वहाळात, खाडीत, होडीवर काम असेल तर ७ घ्यावा, कारण डोक्यावरची बॅटरी वाकल्यावर पडते, आणि पडते ती पाण्यातच.

होडीवरून आठवले. मिरकरवाड्यात 'एलईडी' हा शब्द जपून उच्चारावा. प्रखर दिवे पाण्यावर सोडून मासळी गोळा करण्याच्या मासेमारीवर केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली, आणि त्यावरून पारंपरिक मच्छीमार व मोठ्या बोटींचे मालक यांच्यातला वाद पेटता राहिला. खलाशाच्या कपाळावरच्या दिव्याचा त्याच्याशी संबंध नाही. पण दोन्हींच्या मागचा शोध एकच. निळा एलईडी बनवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. निळ्यावाचून पांढरा उजेड एलईडीतून निघत नव्हता. त्याआधी डोक्यावरच्या दिव्यात तारेचा बारीक बल्ब असे, तो सेल भराभर खाई आणि हिसका बसला की तार तुटे.

बॅटरी घेताना तिला तांबडा दिवा आहे का, हे जरूर पाहावे. मंद तांबड्या उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे बिघडत नाहीत. पांढरा दिवा एकदा डोळ्यांवर आला की पुन्हा सरावायला वीस-तीस मिनिटे जातात. रात्री मूल उठले, आजारी माणसाला औषध द्यायचे आहे, तंबूत शेजारी झोपले आहेत, तेव्हा तांबडा दिवा उपयोगी. आपल्या किनाऱ्यावर त्याचे आणखी एक काम आहे. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या संरक्षणाचे काम उभे केले. मादी रात्री अंडी घालायला वाळूवर येते, आणि पांढऱ्या उजेडाने ती बिचकून परत फिरू शकते. पिल्ले तर उजळ दिशा म्हणजे समुद्र असे समजून चालू लागतात. आंजर्ले, गुहागर, गावखडी, कुठल्याही किनाऱ्यावर हंगामात रात्री फिरताना पांढरा दिवा बंद ठेवावा. तांबडाही मंद असावा, आणि कासवाच्या डोळ्यांवर तोही मारू नये.

कामासाठी घेणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. स्वस्त बॅटऱ्यांत उजेड कमी करायला दिवा अतिशय वेगाने चालू-बंद केला जातो. डोळ्याला ते कळत नाही, पण मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिल्यावर बहुधा पट्टे फिरताना दिसतात. अशा उजेडात भातगिरणीचा फिरता पट्टा किंवा पंख्याचे पाते थांबल्यासारखे भासू शकते. हे धोक्याचे आहे. दुसरे, निळसर पांढऱ्या उजेडात तपकिरी आणि तांबडी वायर ओळखताना घोटाळा होतो, आणि आंब्याच्या पेटीत फळांचा रंग पारखतानाही. किंचित पिवळसर उजेडाची बॅटरी या कामांना बरी. आणि सिलिंडरचा वास येत असताना कोणतीच बॅटरी घरात चालू-बंद करू नये. आधी दारे-खिडक्या उघडाव्यात.

दुकानात बॅटरी डोक्याला लावूनच पाहावी. मान खाली-वर करून बघावी, घसरते का. पुढचे टोक खाली झुकवता येते का, आणि झुकवलेले तिथेच राहते का, हे तपासावे. जे झुकत नाही ते बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत जाते. अंधारात बटण बोटांना सापडले पाहिजे, आणि पहिल्या दाबाला मंद उजेड लागला तर उत्तम. शंभर ग्रॅमच्या आतली बॅटरी तासन् तास डोक्यावर जाणवत नाही. त्याहून जड असेल तर डोक्यावरून जाणारा दुसरा पट्टा हवा.

आणि घरी आणल्यावर: खाऱ्या पाण्याजवळ वापरली असेल तर गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसावी, पट्टा काढून धुवावा, सावलीत वाळवावा. वापरणार नसाल तर साधे सेल काढून ठेवावेत, कारण ते पाझरले की आतले पितळ हिरवे पडते आणि मग दुरुस्ती होत नाही. सेल बॅटरीसोबतच, पण वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावेत आणि पिशवी दाराजवळच्या खुंटीला अडकवावी, म्हणजे अंधारात ती शोधायला दुसरी बॅटरी लागणार नाही.