क्लच वायरचा ढिलेपणा

(सातारा येथे झालेल्या शिबिरातील भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आपण पोटगी, सातबाऱ्यावरचं नाव, पोलीस स्टेशनात तक्रार कशी लिहून द्यायची अशा विषयांवर बोललो. आता जेवणानंतरच्या सत्रात मी बोलणार आहे मोटारीच्या क्लचबद्दल. कार्यक्रमपत्रिका वाचून दोघी-तिघींनी मला मघाशी बाजूला घेऊन विचारलं, "अगं, हे आपल्या शिबिरात कशाला?" एकीने तर विचारलं, की आमच्याकडे गाडीच नाही, आम्ही झोप काढली तर चालेल का? चालेल. पण मागच्या रांगेत बसून काढा.

माझ्याकडे मारुती ८०० आहे. २०१२ सालची, जुनी घेतलेली. दिवसा तिच्यातून मी डबे पोचवते, आणि रात्री-अपरात्री एखाद्या बाईला घरातून बाहेर काढून नातलगांकडे किंवा सिव्हिल हॉस्पिटलला न्यायचं असेल तर तीच गाडी निघते. आपल्यापैकी तिघी-चौघी त्या गाडीत बसलेल्या आहेत, त्यांना माहीत आहे. अशा वेळी गावातली भाड्याची जीप बोलवावी तर ड्रायव्हर बहुधा नवऱ्याच्या ओळखीचा, नाहीतर भावकीतला निघतो. गाडी पोचायच्या आत बातमी पोचते. म्हणून गाडी चालवणारी आपली हवी, हे आपण केव्हाच ठरवलं. पण गाडी चालवणारी आपली आणि गाडीची नाडी दुसऱ्याच्या हातात, असं असेल तर अर्धंच काम झालं. रात्री साडेअकराला गिअर पडेनासा झाला तर कोणत्या मिस्त्रीला उठवणार, आणि त्याला काय सांगणार?

क्लच म्हणजे काय ते आधी सांगते, कारण पेडल सगळ्यांना दिसतं, पण त्याच्या पुढचं कुणी दाखवत नाही. इंजिन सतत फिरत असतं. चाकं कधी फिरायची असतात, कधी थांबायची असतात. या दोघांना जोडायचं आणि तोडायचं काम क्लचचं. इंजिनाच्या टोकाला एक जड चाक असतं, त्याला फ्लायव्हील म्हणतात. त्याला चिकटून क्लच प्लेट, आणि प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट, तिच्यात पोलादी पाकळ्यांची स्प्रिंग. पाय पेडलवर नसतो तेव्हा प्लेट दाबलेली असते आणि इंजिनाची ताकद चाकांकडे जाते. पेडल दाबलं की वायर ओढली जाते, वायर गिअरबॉक्सवरचा एक दांडा ओढते, दांडा आतलं रिलीज बेअरिंग त्या पाकळ्यांवर ढकलतो, आणि प्लेट मोकळी होते. ती मोकळी असताना गिअर बदलायचा. क्लचची गोष्ट एवढीच.

आता यातली गंमत अशी, की वायर थोडी ढिली असावी लागते. पेडल दाबताना सुरुवातीला थोडं अंतर ते नुसतंच, बिनविरोध खाली जातं, मग जोर लागायला लागतो. त्या नुसत्या अंतराला मिस्त्री लोक 'प्ले' म्हणतात. मारुती ८०० सारख्या गाडीत तो पेडलशी साधारण १५ ते २५ मिलिमीटर असावा, आणि गिअरबॉक्सवरच्या दांड्याच्या टोकाशी २ ते ४ मिलिमीटर. तुमची गाडी वेगळी असेल तर गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत आकडा असतो, तो धरायचा. ती पुस्तिका बहुतेक घरांत गाडीच्या कप्प्यात प्लॅस्टिकसकट पडलेली असते. काढा आणि वाचा.

हा ढिलेपणा कशाला हवा? तर पाय पेडलवर नसताना बेअरिंगने पाकळ्यांना जराही दाबू नये म्हणून. क्लच प्लेट झिजत जाते तशा त्या पाकळ्या बेअरिंगच्या दिशेला सरकत येतात आणि प्ले कमी कमी होत जातो. म्हणजे आपण काहीही न करता, नुसती गाडी चालवून, वायर आपोआप ताठ होते. उलट वायर ताणली गेली, किंवा नट सैल पडला, तर प्ले वाढतो. दोन्हीची लक्षणं वेगळी असतात आणि ती ओळखता आली की अर्धी लढाई जिंकली.

प्ले संपला की क्लच पूर्ण बसत नाही, घसरतो. यवतेश्वरच्या घाटात कासकडे चढताना तिसऱ्या गिअरमध्ये तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता, इंजिन मोठ्याने ओरडतं, पण गाडी काही त्या मानाने पुढे जात नाही. जळकट वास येतो. पेडल सोडताना गाडी अगदी वर, पाय जवळजवळ उचलल्यावर हलते. मिस्त्री म्हणतात, "क्लच वर उचलतेय." याच्या उलट प्ले फार झाला, तर पेडल पूर्ण दाबूनही क्लच पुरता सुटत नाही. पहिला गिअर अडतो, रिव्हर्स टाकताना खरखर आवाज होतो, सिग्नलला पेडल दाबून उभं राहावं तर गाडी पुढे सरकू बघते. पेडल सोडायला लागल्याबरोबर, अगदी तळाशीच, गाडी हलते.

दोन वर्षांपूर्वी माझी गाडी घाटात अशीच ओरडायला लागली. मी एका गॅरेजात नेली. बरोबर माझा भाचा होता, अकरावीतला, गाडी चालवायचं लायसनसुद्धा नाही. मिस्त्रीने गाडी ऐकली, आणि माझ्याकडे न बघता भाच्याला सांगितलं, "क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, सगळा सेट बदलावा लागेल. साडेचार हजार. गाडी दोन दिवस ठेवा." दोन दिवस डबे बंद म्हणजे माझं काय होतं ते मी सांगायला नको. मी विचारलं, "दादा, प्ले किती आहे बघितला का?" तेव्हा तो पहिल्यांदा माझ्याकडे वळला. मी पेडल हाताने दाबून दाखवलं. प्ले जवळजवळ शून्य होता. मी गाडी परत आणली, दारात उभी केली आणि दहा मिनिटांत नट ढिला केला. त्या प्लेटवर गाडी पुढे चौदा महिने चालली. मग ती खरोखर झिजली, आणि मी बदलून घेतली, दुसऱ्या एका मिस्त्रीकडे. त्याने जुनी प्लेट माझ्या हातात दिली. सगळे गॅरेजवाले लुबाडतात असं माझं म्हणणं नाही. मला हे सगळं शिकवलं तेही एका म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांनीच, हातात पाना देऊन. मुद्दा असा, की जिला विचारता येतं तिला वेगळं उत्तर मिळतं.

आता प्रत्यक्ष काम. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलमध्ये, चाकांना पुढून-मागून दगड. इंजिन थंड झालेलं हवं, किल्ली काढून स्वतःजवळ ठेवायची. बांगड्या काढा, निदान धातूच्या तरी. बॅटरीच्या दोन टोकांवर बांगडी टेकली तर ठिणगी उडते आणि हात भाजतो. मंगळसूत्र आत, पदर खोचलेला, ओढणी बाजूला. हे बाईपणाबद्दलचं प्रवचन नाही. त्या मिस्त्रीकाकांनी मला घड्याळ आणि अंगठीही काढायला लावली होती. आणि एक सक्त गोष्ट: गाडी नुसत्या जॅकवर उचलून तिच्याखाली कुणीही शिरायचं नाही. या कामाला ८०० मध्ये त्याची गरजही पडत नाही.

आधी मोजा. मुलांची शाळेची पट्टी घ्या, पेडलच्या बाजूला उभी धरा. पायाने नको, हाताने पेडल हळू दाबा. जिथे पहिल्यांदा जोर लागला तिथे थांबा, किती मिलिमीटर गेलं ते वाचा, आणि कागदावर लिहून ठेवा. मग बॉनेट उघडा आणि क्लचच्या वायरचा माग काढा. ती पेडलकडून पत्र्यातून इंजिनाच्या बाजूला येते आणि गिअरबॉक्सवरच्या लोखंडी दांड्याशी संपते. टोकाला आटे असलेला तुकडा आणि त्यावर नट. एकीने आत बसून पेडल दाबावं, दुसरीने दांडा हलताना बघावा. म्हणजे खात्री होते. तिथे धूळ आणि तेलाचा राप असतो. जुन्या ब्रशने पुसून काढा, आट्यांवर तेलाचे दोन थेंब सोडा आणि पाच मिनिटं थांबा. ही पाच मिनिटं महत्त्वाची. गंजलेल्या नटाशी कुस्ती खेळली तर आटे खराब होतात आणि मग खरोखरच नवी वायर घ्यावी लागते.

नट आवळला की वायर ताठ होते, प्ले कमी होतो. सैल केला की प्ले वाढतो. नट फिरवताना आट्यांचं टोक पकडीने धरून ठेवा, नाहीतर नटाबरोबर वायरही पिळली जाते. एकदम चार फेरे द्यायचे नाहीत. अर्धा फेरा, पेडल चार-पाच वेळा दाबून सोडायचं, परत पट्टीने मोजायचं. पुन्हा अर्धा फेरा. तुमच्यातल्या किती जणी शिलाई मशीन चालवता? बघा, निम्म्याहून जास्त हात वर आहेत. टाका सैल पडला की तुम्ही दोऱ्याच्या ताणाची चकती जराशी फिरवता, चिंधीवर शिवून बघता, परत जराशी फिरवता. तेव्हा तुम्ही कुणाला बोलवत नाही, आणि तुम्हाला कुणी मेकॅनिकही म्हणत नाही. हाताला तीच सवय इथे लागते.

झालं की तपासायचं. इंजिन चालू करून पेडल पूर्ण दाबा, क्षणभर थांबा, रिव्हर्स टाका. खरखर न होता पडला पाहिजे. मग मोकळ्या जागेत, पुढे-मागे कुणी नसताना, हँडब्रेक घट्ट ओढून तिसरा गिअर टाका, थोडा ॲक्सिलरेटर देऊन पेडल हळू सोडा. इंजिन धापा टाकून बंद पडलं तर क्लच धरतोय. गाडी जागची हलली नाही आणि इंजिन तसंच फिरत राहिलं, तर क्लच घसरतोय. ही परीक्षा एकदाच घ्यायची, पुन्हा पुन्हा नाही. प्रत्येक वेळी प्लेट तापते.

प्ले बरोबर असूनही क्लच घसरत असेल, तर प्लेट झिजली आहे किंवा तिच्यावर तेल आलं आहे. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, ते घरचं काम नाही. नट आट्यांच्या शेवटाला पोचला असेल तरीही तेच समजा. पेडल फार जड झालं असेल, किंवा वायरच्या टोकाशी बारीक तारा तुटून फुलारलेल्या दिसल्या, तर नट फिरवत बसू नका, वायर बदला. ती रस्त्यात तुटण्याआधी सूचना देते, आपण बघायची सवय ठेवायला हवी. आणि काही गाड्यांत वायर नसतेच, तेलाच्या दाबावर क्लच चालतो. तिथे हा नट शोधत फिरू नका. शिवाय पेडलवर पाय टेकवून गाडी चालवणं आणि चढावर अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरणं, या दोन सवयी प्लेटला खातात. चढावर हँडब्रेक वापरा.

आता एक गोष्ट मला बोलायचीच आहे. १९८८ साली शीला डावरे पुण्यात रिक्षा चालवायला लागल्या, त्याच सुमाराला आपल्या साताऱ्याच्या सुरेखा यादव रेल्वेत आल्या आणि इंजिन चालवून २०२५ मध्ये निवृत्त झाल्या. त्यांचे फोटो आपण लावतो, सत्कार करतो. चालवणाऱ्या बाईचं कौतुक करायला समाज हळूहळू शिकला. पण दुरुस्त करणाऱ्या बाईचं काय? मुलगा सायकलची चेन चढवताना हात काळे करतो तेव्हा त्याला आपणच शाबासकी देतो, आणि मुलीला म्हणतो, कपडे खराब करू नकोस. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आपल्याला स्टिअरिंग, ब्रेक, आठचा आकडा शिकवतात. बॉनेट उघडून दाखवायची मागणी आपणही करत नाही. मिस्त्रीच्या टपरीवर चार पोरं घोळक्याने उभी राहून शिकतात. तिथे एखादी मुलगी तासभर उभी राहिली तर गावात काय बोलतील, ते तुम्हाला ठाऊक आहे. गिअरबॉक्सवरचा नट काही बाई-पुरुष बघून फिरत नाही. तिथवर पोचायचा रस्ताच बंद केलेला असतो.

म्हणून मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी माझी गाडी इथे आवारात आणून उभी करणार आहे. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनीही यावं. गिअरच्या जुन्या स्कूटरच्या डाव्या हातातल्या क्लचचीही वायरच असते, आणि तिलाही असाच थोडा प्ले लागतो. येताना जुना कपडा आणा, पाने माझ्याकडे आहेत.

आत्ताही गाडी बाहेर चिंचेखाली आहे, इंजिन सकाळपासून बंद, म्हणजे थंड झालंय. मी मुद्दाम नट सैल करून ठेवलाय. दोघी-दोघींनी या. एक आत पट्टी घेऊन बसेल, एक पुढे नटाशी. बांगड्या काढून या टेबलावर ठेवा, आणि कुणाच्या कोणत्या ते आत्ताच नीट बघून ठेवा.