बॅटरीची सायकल : तीन वर्षांचा हिशोब

(संघाच्या मासिक सभेत अर्नाळ्याच्या एका सदस्य ताईंनी केलेलं भाषण)

बॅटरीच्या सायकलीसाठी तीन गटांतून कर्जाचे अर्ज आलेत, म्हणून अध्यक्षताईंनी मला बोलायला उभं केलंय. माझी जाड टायरची गाडी तुम्ही बघितलीच आहे. २०२१ च्या दिवाळीत ३६ हजारांना घेतली. त्यातले ३० हजार गटाचं कर्ज, शेकडा एक व्याजाने, अठरा हप्ते.

मी मावरं विकते. पहाटे बंदरावर माल घ्यायचा आणि दहा किलोमीटरवर विरारला जाऊन बसायचं. आधी रिक्षाला जाऊन-येऊन १२० रुपये जायचे, वर पाट्या बघून रिक्षावाला नाक मुरडायचा ते वेगळंच. जाड टायर मी मिरवायला घेतले नाहीत. बंदराच्या रेतीत साधी सायकल रुतते, ही चालते. पण डांबरी रस्त्यावर तेच टायर बॅटरी खातात. दुकानात ५० किलोमीटर सांगितले होते. बर्फाच्या दोन पेट्या लादून मला कधी ३० च्या वर मिळाले नाहीत. वीज मात्र स्वस्त. पुऱ्या चार्जिंगला अर्धा युनिट, दिवसाला पाच रुपये धरा.

एक गोष्ट नीट ऐका. मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तरच लायसन्स आणि नोंदणी लागत नाही. कोणी म्हणेल, "चाळीसने पळते, तरी पासिंग नको", तर तिथून उठून या.

आता दुखणी. मागच्या चाकातच मोटर असते, म्हणून नाक्यावरचा पंक्चरवाला त्या चाकाला हात लावत नाही. चार इंची ट्यूब आपल्याकडे मिळेना, एकदा नऊ दिवस गाडी पडून होती. आता एक ट्यूब घरात ठेवते. खारी हवा साखळी आणि ब्रेकची चकती खाते, आणि माझ्या पेटीतलं मावऱ्याचं पाणी थेट मोटरच्या वायरीवर गळायचं. वर्षभर मला कळलंच नाही! आता खाली पत्र्याचं ताट लावलंय. रोज ओल्या फडक्याने पुसते, पाण्याचा जोरदार फवारा कधी मारत नाही. पावसात रस्त्यावर पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आलं, तर गाडी घरीच.

सगळ्यात मोठी चूक बंदीच्या दिवसांतली. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून पहिल्या वर्षी रिकामी झालेली बॅटरी तशीच कोपऱ्यात ठेवली. दोन महिने रिकामी राहिली की बॅटरी आतून मरते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. अर्धी भरून ठेवायची, महिन्याने बघायची. त्यानंतर ती कमी कमीच होत गेली. तिसऱ्या वर्षी एका सकाळी आगाशीजवळ बंद पडली. माल भरलेली ती जड गाडी मी पायडल मारत नेली. विरारला पोचेपर्यंत बर्फाचं पाणी झालं होतं, पापलेट मिळेल त्या भावाने दिलं. नवी बॅटरी १४ हजार. पदरात काही नव्हतं, पुन्हा गटापुढे हात पसरला.

तीन वर्षांत मी साधारण ६०० दिवस धंद्याला गेले. रिक्षाचे वाचले ७२ हजार. गाडी ३६, बॅटरी १४, दुरुस्ती ८, व्याज ३, वीज ३, असा खर्च ६४ हजार. म्हणजे हातात राहिले आठ. हसू नका, मी घरी तीनदा बेरीज केली! कर्ज फिटलंय, बॅटरी नवी आहे, पुढची दोन वर्षं सुटसुटीत जातील. आणि रिक्षाची वाट बघत उभं राहणं संपलं, त्याचा भाव मी कुठल्या वहीत लिहू?

म्हणून संघाला माझं म्हणणं आहे, अर्ज मंजूर करा, पण कर्जाच्या वहीत हप्त्याशेजारी बॅटरीचा रकाना आखा. धंद्याच्या दिवसाला २५ रुपये, पहिल्या दिवसापासून. मी ते केलं असतं तर दुसरं कर्ज लागलंच नसतं.

गाडी बाहेर उभी आहे. ज्यांनी अर्ज केलेत त्यांनी चहा झाला की चालवून बघा, पण रिकामी नाही. पेट्या भरून आणल्यात.